छोटानागपूरच्या पायवाटांवरील धर्मगुरू : फादर कॉन्स्टंट लीवन्स, ये. सं.

एप्रिल-मे महिन्यांत डहाणू, तलासरी किंवा जव्हारच्या पाड्यांवर ज्यांनी भर दुपारी पायपीट केली आहे, त्यांना उन्हाळा म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. विहिरींनी तळ गाठलेला असतो, साग निष्पर्ण झालेला असतो आणि वाटेत एखादे सावलीचे झाड दिसले की पाय आपोआप थबकतात. आता बहुतेक पाड्यांपर्यंत सडक पोहोचली आहे आणि धर्मगुरूंच्या दिमतीला निदान एखादी मोटारसायकल असते. सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी आपल्या देशाच्या पूर्वेस, छोटानागपूरच्या पठारावर म्हणजे आजच्या झारखंड राज्यात, एक तरुण बेल्जियन धर्मगुरू अशाच उन्हातून, अशाच आदिवासी वस्त्यांमधून वर्षानुवर्षे फिरत राहिले. त्यांचे नाव फादर कॉन्स्टंट लीवन्स. झारखंडमधील कॅथलिक घरांतून हे नाव लहान मुलांनाही ठाऊक असते. आपल्याकडे मात्र त्यांचा परिचय फारसा नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

लीवन्स यांचा जन्म ११ एप्रिल १८५६ रोजी बेल्जियममधील पश्चिम फ्लँडर्स प्रांतातल्या मोर्स्लेडे या गावी एका मोठ्या शेतकरी कुटुंबात झाला. तो सगळा मुलूख सपाट, हिरवागार आणि पावसाळी. धर्मगुरू होण्याच्या इच्छेने ते प्रथम रूसलारे येथील लहान सेमिनरीत आणि नंतर ब्रुजच्या मोठ्या सेमिनरीत शिकले. आपल्याच धर्मप्रांतात राहून एखाद्या शांत धर्मग्रामाचा कारभार पाहणे त्यांना सहज शक्य होते. परंतु १८७८ साली त्यांनी येशूसंघात प्रवेश केला आणि १८८० साली ते कोलकात्यास येऊन पोहोचले. बंगालमधील मिशनकार्याची जबाबदारी १८५९ पासून बेल्जियन येशूसंघीयांकडे होती. १४ जानेवारी १८८३ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. काही काळ त्यांनी कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात काम केले, पण त्यांचा पिंड वर्गखोलीत रमणारा नव्हता. मार्च १८८५ मध्ये त्यांची रवानगी छोटानागपूरला झाली. त्या वेळी त्यांचे वय एकोणतीसही पूर्ण झाले नव्हते.

ख्रिस्ताचा संदेश त्या पठारावर अगदीच नवा नव्हता. गॉस्नर मिशनचे ल्युथरन मिशनरी १८४५ पासून रांचीत होते आणि त्यांचे कार्य चांगलेच विस्तारले होते. कॅथलिकांच्या वतीने फादर ऑगस्ट स्टॉकमन १८६९ साली चाईबासा येथे आले. १८७३ साली त्या परिसरात मुंडा आदिवासींच्या पहिल्या छोट्या गटाला स्नानसंस्कार मिळाला. त्यानंतरच्या बारा वर्षांत मोजकी कुटुंबे, एकदोन ठाणी आणि हिवतापाने जर्जर झालेले तीन-चार धर्मगुरू, एवढाच काय तो पसारा होता.

आता प्रवासाविषयी. रांचीला रेल्वे आली ती १९०७ साली. तोपर्यंत पठारावर चढायचे म्हणजे बैलगाडी, माणसांनी ओढायची-ढकलायची गाडी किंवा स्वतःचे पाय. पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच असल्यामुळे तेथील रात्री थोड्या सुखाच्या असतात. पण एप्रिल उजाडला की पश्चिमेकडून कोरडा तप्त वारा वाहू लागतो. तांबडी माती तापून तव्यासारखी होते, ओढे आटतात आणि बायाबापड्या नदीच्या वाळूत झिरे खणून ओंजळी-ओंजळीने पाणी भरतात. फ्लँडर्सच्या धुक्यात वाढलेल्या माणसाला छोटानागपूरने पहिले दर्शन दिले ते अशा ऋतूत.

त्याच वर्षाच्या अखेरीस लीवन्स यांनी रांचीच्या दक्षिणेस सुमारे साठ किलोमीटर अंतरावर, मुंडांच्या मुलखात, तोरपा येथे मुक्काम हलवला. तोरपा म्हणजे पोलीस ठाणे, थोडी दुकाने आणि भोवती सालवृक्षांच्या रानात विखुरलेली खेडी. तेथे एका साध्या मातीच्या घरात त्यांनी बस्तान बसवले. परंतु त्यांचे खरे घर म्हणजे पायवाट. सोबत एखादा प्रचारक, आणि खांद्यावरच्या कावडीत किंवा पाठीवरच्या बोचक्यात सामान घेतलेला एखादा गडी. सामान ते किती? मिस्सेची पेटी, प्रार्थनाग्रंथ, पांघरूण, थोडा तांदूळ, औषधे आणि टिपणवही. पुढे त्यांनी घोडा घेतला, तरी चढणीवर आणि खडकाळ ओढ्यांत घोड्यावरून उतरून चालावेच लागे.

येथे एक गोष्ट आजच्या वाचकांना मुद्दाम सांगायला हवी. त्या काळी पवित्र कम्युनियनपूर्वीचा उपवास मध्यरात्रीपासून पाळावा लागे आणि त्यात पाण्याचा घोटही वर्ज्य होता. हा नियम शिथिल झाला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर, १९५३ साली. म्हणजे ज्या गावी मिस्सा व्हायची ते गाव दूर असेल, वाटेत कोणी आजारी भेटला असेल, लोक जमायला उशीर झाला असेल, तर भर उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर येईपर्यंत मिशनरी धर्मगुरूच्या कोरड्या घशाला पाणी मिळत नसे. सेमिनरीत आम्ही या नियमाचा इतिहास अभ्यासला, तो परीक्षेसाठी. त्या पठारावरच्या वैशाखात हा नियम पाळणे काय असेल याची कल्पना वर्गात येण्याजोगी नव्हती.

मग उन्हाळ्यातच एवढी भटकंती कशाला? त्याचे उत्तर शेतीच्या वेळापत्रकात आहे. धान हे तेथील मुख्य पीक. पावसाळ्यात लावणी, हिवाळ्याच्या तोंडाशी कापणी आणि मळणी. पावसात कोयल, कारो, शंख या नद्या दुथडी भरून वाहात आणि त्यांवर पूल नसत, त्यामुळे आठवडेच्या आठवडे एका काठाचा दुसऱ्या काठाशी संबंध तुटत असे. मोहाची फुले वेचून झाली की पहिला पाऊस पडेपर्यंत लोक गावात सापडत. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मोकळ्या जागी सारे गाव बसे आणि रात्री उशिरापर्यंत बोलणे चाले. ज्याला गावाचे मन जाणायचे आहे त्याने उन्हाळ्याची रात्र गावातच काढली पाहिजे. लीवन्स यांनी ती तशीच काढली. सुरुवातीला हिंदीच्या आधाराने, मग मुंडारीत, आणि पुढे उरांव लोकांच्या कुडुख भाषेत ते लोकांशी बोलू लागले.

या रात्रींमध्ये त्यांच्या कानी पडले ते धर्माविषयीचे प्रश्न नव्हेत. ती जमिनीची गाऱ्हाणी होती.

मुंडांची समजूत सरळ होती. ज्या पूर्वजांनी रान तोडून शेत केले, त्यांच्या वंशजांचे ते शेत. या हक्काला ते खुंटकट्टी म्हणत. प्रत्येक कुळाची दफनभूमी गावातच असे आणि तेथील मोठाल्या शिळा, ज्यांना सासनदिरी म्हणतात, हाच त्यांचा जमिनीचा दस्तऐवज. कागद त्यांच्यापाशी नव्हता. पण छोटानागपूरच्या राजाने आपल्या आप्तांना आणि बाहेरून आलेल्या सेवकांना गावेच्या गावे बहाल केली होती. ही जहागीरदार-ठेकेदार मंडळी हळूहळू मालक बनली आणि रान तोडणाऱ्यांचे वंशज कुळे ठरले. सारा वाढत गेला. वसुलीची पावती मिळत नसे, त्यामुळे भरलेला सारा पुन्हा मागितला जाई. त्यातच बेठबेगारी, म्हणजे मालकाच्या शेतात फुकट राबणे. आपल्याकडे वारली बांधवांनी जी वेठबिगार पिढ्यानपिढ्या भोगली आणि १९४५ च्या लढ्यात झुगारून दिली, तिचीच ही सख्खी बहीण. मुंडांचे पुढारी, ज्यांना सरदार म्हणत, ते अनेक दशके अर्ज-विनंत्या घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होते.

असे सांगितले जाते की, लोक मिशनरीकडे नेमके कशासाठी वळतील, याचा उलगडा लीवन्स यांना तोरपाच्या ठाण्यातील एका पोलीस अंमलदाराच्या बोलण्यातून झाला. ते काहीही असो, सेमिनरीत ईशज्ञान शिकलेल्या या धर्मगुरूने कायद्याची पुस्तके मागवली आणि तो झपाट्याने अभ्यासाला लागला. १८६९ चा भूधारणा कायदा, १८७९ चा जमीनदार-कुळ कायदा, मुंडांच्या चालीरीती, साऱ्याचे दर, बेगारीचे दिवस. त्यांच्या ध्यानात आले की कायदा अपुरा असला तरी अगदीच पोकळ नाही. अडचण होती ती कचेरीपर्यंत पोहोचण्याची. ज्याला अर्जाची भाषा कळत नाही, मुखत्याराला द्यायला पैसे नाहीत आणि साहेबापुढे उभे राहायला धीर नाही, त्याच्यासाठी कायदा असून नसल्यासारखा.

मग पायवाटेवरचा दिनक्रमच पालटला. गावात गेल्यावर लीवन्स एकेकाची तक्रार ऐकत, तपशील लिहून घेत, खरेखोटे पारखत आणि ज्यात तथ्य असेल ते प्रकरण रांचीच्या कचेरीत वकील-मुखत्यारांमार्फत उभे करत. त्यांची शिकवण स्पष्ट होती: कायदेशीर सारा वेळेवर भरावा, भरल्याची पावती हक्काने मागावी, आणि कायद्यात नसलेली मागणी मात्र मान्य करू नये. काही खटले जिंकले गेले. ही वार्ता बाजारच्या दिवशी खुंटी, रांची, लोहरदगा येथील आठवडी बाजारांतून मिठाबरोबर आणि कापडाबरोबर गावोगाव गेली. तोरपाच्या त्या मातीच्या घरासमोर वीस-तीस कोसांवरून चालत आलेली माणसे पहाटेपासून बसलेली दिसू लागली. गावेच्या गावे आपली नावे नोंदवू लागली. मुंडांपाठोपाठ खडिया आले, उरांव आले. १८८८ साली लीवन्स यांच्याकडे छोटानागपूर मिशनचे नेतृत्व सोपवण्यात आले आणि ते रांचीस राहू लागले, म्हणजे तेथून फिरू लागले. गावोगाव प्रचारक नेमायचे, दोन-चार गावे मिळून लहानशी शाळा उघडायची, आणि कोलकात्याकडे आणखी धर्मगुरूंची मागणी करीत राहायचे, असा त्यांचा शिरस्ता होता.

या साऱ्या भ्रमंतीचा कळस म्हणजे बरवे. रांचीच्या पश्चिमेस सुमारे दीडशे किलोमीटरवर, घाटांपलीकडे, शंख नदीच्या खोऱ्यात उरांवांचा हा दुर्गम परगणा. वाटेत दक्षिण कोयल ओलांडायची, मग रान आणि डोंगर. १८८९-९० च्या सुमारास येथील लोकांनी त्यांना बोलावून नेले. ते गेले, आणि पुढच्या फेरीत काही आठवड्यांत हजारो लोकांना स्नानसंस्कार देण्यात आला. दिवसभर पाण्याचा कलश उचलून हात दुखत, घसा बसे, आणि रात्री पुढच्या गावची माणसे दिवट्या घेऊन दारात उभी असत. १८८५ मध्ये जेथे मोजकी घरे होती, तेथे १८९२ पर्यंत स्नानसंस्कार झालेले आणि त्यासाठी नाव नोंदवलेले मिळून सत्तर हजारांवर लोक झाले. जगभरच्या मिशन-इतिहासातही असे आकडे विरळा.

आकड्यांनी भारावून जाण्यापूर्वी दोन गोष्टी प्रामाणिकपणे पाहायला हव्यात. लोक न्यायासाठी आले की श्रद्धेने? हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला, आजही विचारला जातो. माझ्या अल्पमतीनुसार, बहुसंख्य लोक प्रथम न्यायासाठीच आले आणि लीवन्स यांना ते पूर्ण ठाऊक होते. ते त्यांनी लपवलेही नाही. जो उपाशी आहे त्याने आधी भाकरीची वाट धरावी यात कमीपणा नाही. शुभवर्तमानातही प्रभूकडे धाव घेणारे बहुतेक जण आजारपणामुळेच आलेले आहेत. पण दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. हजारोंना स्नानसंस्कार देऊन पुढच्या डोंगरापलीकडे निघून जाणाऱ्या धर्मगुरूच्या मागे शिकवायला, सांभाळायला पुरेशी माणसे नव्हती. बरवेतील जमीनदारांनी नव्या ख्रिस्ती कुटुंबांचा छळ मांडला, काहींवर खटले भरले गेले, आणि बरीच गावे परत फिरली. दोष जमीनदारांचा होताच, तरी घाईचाही होता. लीवन्स यांच्या चरित्राला तेजोवलय देण्याच्या नादात आपण हे झाकू नये, असे मला वाटते.

जमीनदारांनी बंगालच्या शासनाकडेही तक्रारी केल्या. काही सरदारांनी लीवन्स यांच्या नावाचा आधार घेऊन सारा भरण्याचेच नाकारले आणि ठिकठिकाणी अशांतता माजली. इंग्रज अधिकारी संशयाने पाहू लागले. येशूसंघातील ज्येष्ठांनाही, मिशनचे रूपांतर वकिलाच्या कचेरीत होते की काय, अशी काळजी वाटू लागली आणि कोर्टकचेरीच्या कामाला मर्यादा घालण्यात आल्या. एका बाजूने सरकार, दुसऱ्या बाजूने लोकांच्या अफाट अपेक्षा, आणि मध्ये आज्ञापालनाचे व्रत घेतलेला हा माणूस. त्यांनी आज्ञा मानली. फिरणे मात्र थांबवले नाही.

ते थांबवले देहाने. अवेळी आणि अपुरे अन्न, दमटलेल्या कपड्यांत काढलेल्या पावसाळी रात्री, आणि वर्षामागून वर्षे उन्हातील वाटचाल. क्षयरोगाने त्यांची फुप्फुसे पोखरली. ज्येष्ठांच्या आग्रहावरून त्यांना दार्जिलिंगच्या थंड डोंगरावर विश्रांतीसाठी पाठवण्यात आले. थोडा उतार पडताच ते रांचीला परतले आणि पुन्हा खालावले. ऑगस्ट १८९२ मध्ये त्यांनी छोटानागपूर सोडले. बरे होऊन परत येण्याची आशा त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. बेल्जियममधील लूवेन येथे ७ नोव्हेंबर १८९३ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे सदतीस. त्या पठारावर त्यांनी काढलेली वर्षे पुरती आठही नव्हती.

त्यांच्या पश्चात जमिनीचा प्रश्न धुमसतच राहिला. १८९५ पासून बिरसा मुंडा यांच्या उलगुलानने तो पेटवला. बिरसांनी जमीनदार, इंग्रज आणि मिशनरी या तिघांनाही नाकारले, हेही नमूद केले पाहिजे. ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात ते निवर्तले. त्यानंतर शासनाला जाग आली आणि १९०८ चा छोटानागपूर कुळ कायदा झाला. त्याच्या घडणीत मुंडांच्या भूमिहक्कांची मांडणी करण्याचे मोठे काम केले ते लीवन्स यांचेच सहकारी, जर्मन येशूसंघीय फादर जॉन हॉफमन यांनी. मुंडारी ज्ञानकोशाचे कर्ते ते हेच. १९०९ साली त्यांनी पतपेढीही उभारली, कारण सावकाराचा फास सुटल्याखेरीज जमीन हाती राहत नाही हे त्यांना कळले होते. आदिवासींची जमीन बिगरआदिवासींच्या हाती जाण्यास आळा घालणारा तो कायदा आजही लागू आहे. २०१६ साली त्यात बदल करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा झारखंडमध्ये मोठा विरोध झाला आणि २०१७ साली तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला.

जी गावे परत फिरली होती त्यांतील पुष्कळ पुन्हा आली. बरवेच्या खोऱ्यातील चैनपूर परिसरात १९३९ साली जन्मलेले तेलेस्फोर टोप्पो पुढे रांचीचे आर्चबिशप झाले आणि २००३ साली कार्डिनल. आशियातील ते पहिले आदिवासी कार्डिनल. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी ते प्रभूच्या सान्निध्यात गेले.

लीवन्स यांच्या निधनाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९३ साली, त्यांच्या अस्थी बेल्जियममधून आणून रांचीच्या सेंट मेरी कॅथेड्रलमध्ये ठेवण्यात आल्या. पुढे त्यांच्या संतपदासाठीची प्रक्रियाही सुरू झाली असून ख्रिस्तसभा त्यांचा उल्लेख देवाचे सेवक असा करते. मोर्स्लेडे या त्यांच्या जन्मगावच्या चौकात त्यांचा पुतळा आहे. तो घोड्यावर बसलेला आहे. छोटानागपूरचे जुने लोक मात्र आपल्या पणजोबांकडून ऐकलेली जी हकीकत सांगतात, तिच्यात ते बहुधा पायीच आलेले असतात, धुळीने माखलेले, आणि आल्या आल्या त्यांनी पाणी मागितलेले असते.